तीन उंच्यांचा ओटा

स्वयंपाकघर कामाला काढल्याच्या एकविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी दहा वाजता ताई माहेरी आली आणि दारातच शिंकली. एकदा नाही, लागोपाठ सात वेळा. आठवी शिंक आवरून तिनं हातातली डब्यांची पिशवी खाली ठेवली, हॉलवरून नजर फिरवली आणि विचारलं, “इथे अजून माणसं राहतात का?”

राहत होती, पण शोधावी लागत. हॉलमध्ये अठरा खोकी एकावर एक रचलेली होती. सोफ्यावर मिक्सर बसला होता आणि त्याच्या मांडीला मांडी लावून पिठाचा डबा. खिडकीशी फ्रिज उभा होता. या सगळ्याच्या पलीकडून अण्णांचा आवाज आला, “डावीकडून ये गं. उजवीकडे काचेची भांडी आहेत. म्हणजे, बहुतेक काचेचीच असावीत.”

ताई मुख्याध्यापिका. चारशे मुलींना एका नजरेत रांगेत उभं करणारी बाई, पण स्वतःच्या वडिलांपर्यंत पोचायला तिला दोन वळसे घ्यावे लागले. अण्णा फ्रिजशेजारी खुर्ची टाकून वहीत लिहीत बसले होते. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासल्यामुळे चूक दिसली की त्यांचं पेन आपोआप उघडतं, आणि गेले तीन आठवडे घरात चुकांचा नुसता सुकाळ होता. पुढच्या वर्षी ताईचं स्वयंपाकघर निघणार होतं. तिला उपयोग व्हावा म्हणून ते सगळं टिपून ठेवत होते.

“वाच,” ते म्हणाले. “पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.”

ताईनं उभ्या उभ्या वाचलं. ‘खोक्यावर “इतर” असं लिहू नये.’ अठरापैकी अकरा खोक्यांवर ताईच्या भावानं, चिमणनं, तेवढंच लिहिलं होतं. चमचे त्यांतल्याच कुठल्यातरी खोक्यात होते आणि घर वीस दिवस तीन चमच्यांवर चाललं होतं. ‘फ्रिज हलवण्याआधी त्याचं दार कोणत्या बाजूला उघडतं ते बघावं.’ आता ते भिंतीकडे उघडत होतं, तेही वीतभर, आणि त्या फटीतून एकट्या माईंचा, ताईच्या आईचा, हात आत जायचा. दूध हवं असलं की माईंना हाक मारावी लागे. ‘प्लगची जागा ठरवताना भिंतीसमोर नुसतं उभं राहू नये. पीठ मळतोय, मिक्सर फिरवतोय असं खोटं खोटं करून बघावं. हात जाईल तिथे प्लग घ्यावा.’ ‘फरशा मोजून आणू नयेत, दहा-बारा जास्त आणाव्यात. नंतरच्या फरशीचा रंग जुळत नाही आणि मग जन्मभर त्या एका फरशीकडेच लक्ष जातं.’

“छान लिहिलंय,” ताई म्हणाली. “पण ओट्याची उंची किती ठेवली, ते कुठे दिसत नाही.”

अण्णांनी वही मिटली. जरा घाईनंच मिटली. “ते ठरलंय,” ते म्हणाले.

“कोणी ठरवलं?”

“ठरलं आपलं. सगळ्यांना काहीही चालणार होतं.”

हे वाक्य ऐकलं की ताई सावध होते, आणि ती उगाच होत नाही. या घरात तीन पिढ्यांपासून कोणालाच काही नको असतं आणि काही हवंही नसतं. अण्णांच्या आईंना काहीही चालायचं, अण्णांना काहीही चालतं, माईंना तर विचारायची सोयच नाही. हॉलच्या रंगाचंच रामायण घ्या. कोणताही चालेल, असं प्रत्येकानं सांगितलं, आणि भिंतींना जो रंग लागला तो आजतागायत एकालाही आवडलेला नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही इथली रीत. मनातलं कोणी बोलणार नाही. पण दुसऱ्याच्या भल्याचं म्हणून जे करायचं, ते मात्र पाठीमागून, परस्पर, पावलं न वाजवता करून मोकळे होतील.

आणि ओटा म्हणजे काही भिंतीचा रंग नव्हे. माई चार फूट आठ इंच, सूनबाई पाच फूट आठ इंच. दुपारी तीन वाजता ग्रॅनाइटच्या लाद्या बसवणारे येणार होते. लादी एकदा बसली की बसली. पुढची तीस वर्षं त्या ओट्याशी ताठ कोण उभं राहणार आणि वाकायचं कोणी, हे आज ठरणार होतं.

“तुमच्या सुनेच्या मापाचा करताय ना?” ताईनं आवाज खाली आणला. शाळेत ती आवाज खाली आणते तेव्हा मुली रडायला लागतात. “म्हणजे माईनं आता स्टुलावर चढून भाजी परतायची. तिचं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांदेखत काढून घेताय आणि वर वहीत धडे लिहिताय!”

“अगं, ऐकून तरी घे...”

पण ताई तोवर दोन खोकी ओलांडून गॅलरीकडे निघाली होती.

*

गॅलरीत तात्पुरतं स्वयंपाकघर थाटलं होतं. थाटलं म्हणजे एक विजेची शेगडी, एक पातेलं, एक कढई, एक सुरी, आणि मीठ, तिखट, हळद यांच्या तीन बाटल्या. प्लग भिंतीत खालच्या अंगाला, वायर आखूड, म्हणून शेगडी बुटक्या स्टुलावर ठेवावी लागली. आणि शेगडी बुटकी म्हणून माईंना वेताच्या खुर्चीत बसून रांधावं लागलं. पहिल्या दिवशी सूनबाई हळहळली होती, “माई, काय हाल होतायत तुमचे!” माईंनी सुस्कारा सोडला होता. चांगला लांबलचक सोडला, कारण मनातलं लपवायला तेवढा लांब सुस्कारा लागत होता.

त्यांना मजा येत होती.

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच संध्याकाळी त्यांचे गुडघे गप्प होते. त्यांच्या सासूबाई जमिनीवर बसून स्वयंपाक करायच्या. लग्नानंतर वर्षभरात अण्णांनी हौसेनं ओटा घातला, माईंना भिंतीशी उभं करून, त्यांच्या मापाचा, बरोबर तीस इंच. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. नशीबवान आहेस हो, म्हणाल्या. माई नशीबवान होत्याच, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण नशीबवान बाईला कोणी बस म्हणत नाही. त्या दिवसापासून त्या जे उभ्या राहिल्या ते मिस्त्रींनी घण घालून ओटा फोडला तेव्हाच खुर्चीत टेकल्या. आणि टेकल्यावर त्यांना स्वच्छ कळलं, की आता त्या ओट्याशी परत उभं राहायचं नाही.

हे बोलायचं कसं? सुनेच्या गळ्यात घोंगडं टाकून म्हातारी मोकळी झाली, असं झालं असतं. म्हणून मंगळवारी सगळे बाहेर असताना त्यांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं होतं. “ओटा सूनबाईच्या उंचीचा करा. छत्तीस इंच. आणि कोणाला बोलू नका.” ओटाच एवढा उंच झाला की आपण आपोआप सुटलो, ना कोणाला सांगायला नको, ना मागायला नको. एवढी अक्कल आपल्याला या वयात सुचली, याचा त्यांना मनातून अभिमान होता.

ताई समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्या पातेल्यातली डाळ ढवळत होत्या.

“माई, ओटा तिच्या मापाचा होतोय.”

“होऊ दे की. मला काय, काहीही चालेल.”

“तुला चालेल गं, पण ओट्यामागून तू दिसणार कुठे? नुसता आवाज येईल!”

माईंना हसू आलं, पण त्यांनी ते डाळीत ढवळून टाकलं. लेक आपल्या बाजूनं भांडायला आली होती. फक्त बाजू चुकली होती, आणि ते तिला सांगायचं म्हणजे सगळंच सांगणं आलं. “मीठ बघतेस का जरा?” त्या म्हणाल्या.

*

साडेदहाला सूनबाई कामावरून परतली. ती मोटार शिकवते. सकाळी सहापासून शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन, घाबरट माणसांना चौकातून सुखरूप बाहेर काढायचं, हे तिचं काम. एवढी धीट बाई, पण जिना चढताना ती कंबरेवर हात ठेवते. सोळा वर्षं तीस इंची ओट्यावर वाकून तिची पाठ कामातून गेली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, आणि हे स्वयंपाकघर निघालंच मुळी त्या पट्ट्यापायी.

आणि तरीही गुरुवारी तिनं मिस्त्रींना गाठून सांगितलं होतं, “तीस इंच ठेवा. माईंच्या मापाचा. कोणाला कळू देऊ नका.”

त्याला कारण गॅलरी. रोज रात्रीच्या स्वयंपाकाला माई खुर्चीत बसायच्या आणि ती बादली उपडी घालून त्यांच्यासमोर. बसल्यावर दोघींची डोकी एका रेषेत यायची. सोळा वर्षं दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या, पण तोंडं भिंतीकडे. समोरासमोर आल्यावर तिला कळलं की माईंना पोहता येतं, माईंना अण्णांचं अक्षर आवडत नाही, आणि माई शेजारणीची नक्कल अशी करतात की हसताना बादलीवरून खाली पडायची वेळ येते. आता ओटा आपल्या मापाचा झाला, तर माई काहीही चालेल म्हणत हॉलमध्ये जाऊन बसतील, आणि आपण त्या नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात एकट्या. पाठ काय, दुखली तर शेकता येते.

बूट काढत होती तोच ताई पुढ्यात.

“ये. तुझीच वाट बघत होते. ओटा किती इंचाचा सांगितलास?”

सूनबाईचा चेहरा लाल झाला. मिस्त्रींनी सांगितलं वाटतं, तिला वाटलं. तो लाल चेहरा ताईनं आपल्या हिशेबानं वाचला. चोराच्या मनात चांदणं!

“ताई, मी जे केलं ते माईंसाठीच केलं.”

“माईसाठी? तिला हाकलून?”

“हाकलून? अहो, त्यांना धरून ठेवायला!”

“धरून ठेवायला?” ताई थांबली. मुख्याध्यापिका असली तरी दोन विधानं जुळत नसली की तिला कळतं. “चल. मला आत्ताच्या आत्ता तो ओटा बघायचाय. चिमण! नळ बंद कर आणि बाहेर ये!”

चिमण न्हाणीघरात बसून भांडी घासत होता. वय एकेचाळीस, उंची बायकोएवढी, रुंदी दीडपट, चष्म्याचं दुकान, आणि नाव अजून चिमण. बहिणीचा आवाज ऐकून त्यानं आधी नळ मोठा केला होता. पण हाक नावानं आली म्हणजे इलाज नाही. तो हाताला फेस तसाच घेऊन निघाला. मागोमाग अण्णाही आले, वही पाठीमागे लपवून, आणि माईसुद्धा शेगडी बंद करून उठल्या. या तिघांपैकी एकाचीही चाल सरळ माणसासारखी नव्हती.

*

स्वयंपाकघरात मिस्त्री पालथ्या घमेल्यावर बसून पेन्सिलीला टोक काढत होते. ओट्याखालच्या तीन बुटक्या आधारभिंती तयार होत्या: एक खिडकीपाशी, एक कोपऱ्यात, एक दाराजवळ. सिमेंट नीट मुरावं म्हणून त्यांना ओली गोणपाटं गुंडाळली होती, आणि गोणपाटात सगळ्याच भिंती सारख्या दिसतात. ताईनं एकेक गोणपाट ओढून काढलं.

दाराजवळची भिंत सगळ्यांत उंच, कोपऱ्यातली तिच्याहून खाली, खिडकीपाशी आणखी खाली.

“मिस्त्री,” ताई म्हणाली, “हा जिना कुठे जातो?”

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली. “मला वाटलं, तुमचं काहीतरी नवीन डिझाइन असेल.”

“कोणी सांगितलं असं बांधायला?”

“ते सांगता येणार नाही. शब्द दिलाय.”

“कोणाला?”

“तेही सांगायचं नाही, असाच शब्द दिलाय.”

“अहो, किती जणांना दिलात?”

मिस्त्रींनी क्षणभर विचार केला. आकडा सांगणं म्हणजे शब्द मोडणं नव्हे, असं त्यांचं ठरलं असावं. “तिघांना,” ते म्हणाले. “आणि पहिल्या दिवशी दादांना विचारलं होतं. ते म्हणाले, घरातले सांगतील तसं करा. ज्या दिवशी ज्यानं सांगितलं, त्या दिवशीची भिंत त्याची. माझ्या कामात खोट नाही. ओळंबा लावून बघा.”

चिमणनं फेसाचे हात मागे घेतले.

“मधली माझी,” अण्णा अखेर म्हणाले. “बुधवारची. मला वाटलं, एकीचं तीस, एकीचं छत्तीस, दोन्हींच्या मधलं तेहतीस. म्हणजे दोघींना त्रास सारखाच.”

“सारखाच त्रास!” ताईनं कपाळाला हात लावला. “एक ना धड, भाराभर चिंध्या!”

“खिडकीची माझी,” सूनबाई म्हणाली. “तीस इंच. माईंसाठी.”

आता ताईच्या डोक्यात उजेड पडला आणि सगळं घर तिच्याभोवती अर्धं फिरलं. जिला ती आरोपी समजून घेऊन आली होती, ती पाठीला पट्टा बांधून तीस इंच मागत होती! मग छत्तीस कोणाचं? सगळ्यांच्या माना माईंकडे वळल्या.

“माई,” सूनबाई एक पाऊल पुढे आली. “छत्तीस तुम्ही सांगितलंत? माझ्या पाठीसाठी?”

माईंना नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. लेकीनं पदर डोळ्यांना लावलाच होता, चिमणचं नाक वाहायला लागलं होतं, अण्णा तर असे बघत होते की आत्ताच लग्न झालंय. ‘हो’ म्हटलं की त्या जन्मभराच्या थोर झाल्या असत्या. आणि थोर बाईला परत ओट्याशी उभं राहावं लागलं असतं, कारण अशा बाईचं मन मोडवत नाही म्हणून सुनेनं हट्टानं तीसच इंच करून घेतले असते. माईंना ते अख्खं चित्र दिसलं. अडुसष्टाव्या वर्षी त्या पहिल्यांदाच स्वतःसाठी तोंड उघडत होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी.”

“म्हणजे?”

“मला तिथे उभं राहायचं नाहीये. कोणत्याही उंचीला नाही. उभा जन्म उभ्यानं काढला, आता पुरे. ओटा उंच झाला की माझा हात पोचणार नाही, आणि मला काही सांगावं लागणार नाही, म्हणून मी तसं केलं.” त्या दम घ्यायला थांबल्या. “हे तीन आठवडे तुम्ही सगळे माझी कीव करत होतात ना? मी इतकी सुखात कधीच नव्हते.”

अण्णांचा चेहरा उतरला. “तुझ्या मापाचा केला होता गं मी तो ओटा.”

“केलात हो. फार छान केलात. मी कितीजणींना दाखवला! पण बसायला जागा नाही ठेवलीत.”

अण्णांनी पाठीमागची वही पुढे आणली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि ही एवढी मोठी रोज दोन वेळा समोर उभी होती.

सगळ्यांत आधी सूनबाई भडकली. “म्हणजे परस्पर निवृत्त होणार होतात तुम्ही? मला न सांगता?”

“बरोबर आहे!” ताई म्हणाली. तासाभरात ती वकील म्हणून दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळाली होती. “माई, हे काही बरोबर नाही. हिला विचारायला नको?”

“हिनं तरी कुठे विचारलं?” माई म्हणाल्या. “पाठ मोडून घ्यायला निघाली होती!”

“पाठीचं जाऊ द्या हो!” सूनबाई आता रडत होती आणि रडतेय याचा तिला रागही येत होता. “तुम्ही हॉलमध्ये जाऊन बसलात तर मी कोणाशी बोलू? फरशांशी? मला ओटा कसाही चाल... नाही. चालणार नाही. मला ओटा माझ्या उंचीचाच हवाय. आणि मला तुम्ही तिथे समोर हव्यात. दोन्ही हवंय.”

मग माईंना जे हसू सुटलं ते गॅलरीतलं, बादलीवरून पाडणारं.

“अगं वेडे, मी हॉलमध्ये कशाला जाऊ? तिथे अण्णा असतात! मला स्वयंपाकघरातच बसायचंय. खिडकीशी. बसून शेंगा सोलीन, भाजी निवडीन, तुझ्या चुका काढीन. फक्त उठणार नाही.”

सूनबाईनं त्यांना मिठी मारली, म्हणजे त्यांचं डोकं आपल्या खांद्याखाली घेतलं. ताईनं दोघींना मिठी मारली आणि सिमेंटच्या धुळीनं परत शिंकली. चिमणनं आनंदाच्या भरात अण्णांच्या सदऱ्याला फेस पुसला.

मिस्त्री मात्र टेप घेऊन खिडकीपाशी वाकले होते. “तीस इंच,” ते म्हणाले. “टेबलाची उंची हीच असते. ही भिंत अशीच राहू द्या. खिडकीकडची लादी या उंचीवर बसवतो, दुसरं टोक कोपऱ्यात लोखंडी पट्टीवर टेकवतो. खाली कपाट करू नका, मोकळं ठेवा, म्हणजे खुर्ची घेऊन गुडघे आत जातील. दोन खुर्च्या आरामात बसतील.”

“आणि कोपऱ्यापासून दारापर्यंतची लांब बाजू?” ताईनं विचारलं.

“ती छत्तीसला. दाराजवळची आहेच. कोपऱ्यातली तेवढी तीन इंच वाढवायची, म्हणजे विटांचा एक थर. दगडवाल्यांना तीनऐवजी पाचला बोलावतो. अण्णांचं माप तेवढं जाईल.”

“जाऊ द्या, जाऊ द्या,” अण्णा म्हणाले. इतक्या आनंदानं आपलं माप कोणी सोडलं नसेल.

“पण छत्तीस पक्कं ना?” मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. एकदा पोळलेला माणूस. “आता सगळ्यांसमोर सांगा. त्या बाजूला उभं कोण राहणार?”

सूनबाईनं हात वर केला आणि मग अर्ध्यावर थांबवला. “मी सकाळी सहाला जाते आणि संध्याकाळी परत शिकवणी असते,” ती म्हणाली. “मी उभी राहीन. पण एकटी नाही.”

माई नाही. अण्णांचं माप नुकतंच गेलं होतं. ताईला स्वतःचं घर होतं. मग एकेक करून सगळे चिमणकडे बघू लागले, आणि चिमण मागे वळून बघू लागला, की आपल्या पाठीमागे आणखी कोणी आहे का.

“दादा, इकडे या,” मिस्त्री म्हणाले. “भिंतीला पाठ लावा. सरळ उभे राहा. कोपर वाकवा. पोट आत.”

“पोटाचा काय संबंध?”

“काही नाही, टेप दिसत नाहीये.”

कोपराच्या खाली सहा इंच मोजून मिस्त्रींनी पेन्सिलीची रेघ मारली. मग सूनबाईला तिथेच उभं केलं आणि दुसरी रेघ मारायला गेले. दुसरी रेघ मारावी लागलीच नाही. पहिलीवरच आली.

“दोघांचं एकच माप!” मिस्त्री म्हणाले. “सोळा वर्षांत कोणी मोजलं नाही?”

चिमण त्या रेघेकडे बराच वेळ बघत होता. लोकांच्या डोळ्यांची मापं घेणारा माणूस, स्वतःच्या कोपराचं माप त्यानं आज पाहिलं. “मला फक्त अंडं करता येतं,” तो म्हणाला.

“मला नवशिक्यांची सवय आहे,” सूनबाई म्हणाली. “शेजारी उभी राहीन. ब्रेक माझ्या पायाखाली.”

“आणि मी समोर बसून सांगीन,” माई म्हणाल्या.

“म्हणजे मेलोच,” चिमण म्हणाला, पण तो हसत होता.

*

डाळ-भात आणि ताईनं आणलेल्या भाज्या सगळ्यांनी हॉलमध्ये खोक्यांवर ताटं ठेवून खाल्ल्या. मिस्त्रींनाही आग्रहानं बसवलं. चमचे तीन आणि माणसं सहा, त्यामुळे डाळ पाळीपाळीनं वाढून घ्यावी लागली आणि त्याचीच मजा झाली. ताईनं तिथल्या तिथे जाहीर केलं की तिच्या घरच्या ओट्याआधी ती घरातल्या प्रत्येकाला एका खोलीत कोंडून लेखी उत्तर घेणार आहे. काहीही चालेल, असं लिहिणाऱ्याला शून्य.

पाचला दगडवाले आले. लाद्या बसल्या, कडा घासल्या, पाणी मारून पुसल्या. उद्या सकाळपर्यंत कोणी वजन ठेवायचं नाही, असं दोनदा बजावून मिस्त्री गेले. ताईला पोचवायला चिमण आणि सूनबाई खाली उतरले.

माईंनी गॅलरीतली वेताची खुर्ची स्वतः ओढत आणली आणि खिडकीशी ठेवली. गुडघे लादीखाली सहज गेले. बाहेर समोरच्या दुकानांचे दिवे लागत होते, कोणीतरी सायकल पुसत होतं. ही खिडकी या घरात त्रेचाळीस वर्षं होती आणि त्यांनी तिच्याकडे पाठ करून स्वयंपाक केला होता. त्या बघत बसल्या.

“अगं,” हॉलमधून अण्णांची हाक आली, “पाणी दे गं जरा.”

माईंचे पाय आपोआप हलले. अर्ध्या उठल्या, आणि मग त्यांनी लादीची कड धरली. नुकतीच बसलेली, गार कड. त्या परत बसल्या.

“गॅलरीत आहे,” त्या म्हणाल्या. “घ्या.”

मग खोकी सरकल्याचा आवाज, काहीतरी पडल्याचा, आणि काहीतरी उचलून ठेवल्याचा. गॅलरीत पेला धुतल्यासारखं पाणी वाजलं. आणखी बराच वेळ गेला. पाणी प्यायला एवढा वेळ लागत नाही, माईंच्या मनात आलं, पण त्या उठल्या नाहीत.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात भरलेला पेला होता आणि अजून त्यांनी तो तोंडाला लावला नव्हता. ते नव्या ओट्याकडे बघत होते, मग त्या खुर्चीकडे, मग खुर्चीतल्या बाईकडे. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं हेही.

“तुला हवंय का पाणी?” त्यांनी विचारलं.

“हवंय,” माई म्हणाल्या, आणि त्यांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला.